खंडेनवमीचा हार

मित्रांनो, मी एक जुना अँटेना आहे, आणि सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकतो. मला हार घातलेला कधीच आवडला नाही. तुम्ही म्हणाल, काय हा उर्मट! माणसं एका हारासाठी काय काय करतात, आणि याला आपणहून घातला तरी नको. पण माझं सगळं काम तोंडानं चालतं. तोंडासमोर काही आडवं आलं की माझं बोलणं संपलं. तुम्ही बोलत असताना कोणी प्रेमानं तुमच्या तोंडावर उशी ठेवली तर तुम्हाला काय वाटेल? मला हाराचं तेच वाटायचं.

माझा जन्म नाशिकमध्ये, अंबडच्या एका कारखान्यात झाला. माझ्या रांगेतले भाऊ सगळे शहरात लागले. कोणी नाशिक रोडच्या सोसायटीच्या गच्चीवर जाऊन बसला, कोणी मोठ्या दुकानाच्या छतावर. मला मात्र बुद्धभूषण नावाच्या एका तरुणानं उचललं. तो मनमाडचा, वडील रेल्वेत. शहरातली नोकरी सोडून हा पठ्ठ्या डोंगरातल्या पाड्यांना एकमेकांशी जोडायला निघाला होता. त्यानं मला एसटीत मांडीवर घेतलं आणि हरसूलचा रस्ता धरला. कंडक्टर म्हणाला, "ती परात जरा आडवी धरा, येणाऱ्या-जाणाऱ्याला लागंल." परात! एवढा शिकलासवरलेला मी, आणि माझं पहिलं नाव पडलं ते हे. पुढं गावानंही मला परातच म्हटलं. राग आला, पण ऐकतो कोण.

हरसूलच्या पुढं डोंगराच्या घडीत आमचं गाव, उंबरमाळ. गावाखाली नदी, नदीपलीकडं आणि माळावर विखुरलेले पाडे, आणि नदीच्या वरच्या अंगाला, टेकडीआड, एक तलाव. मी आलो तेव्हा इथं मोबाइलची रेंज म्हणजे टेकडीवरचा एक खडक होता. त्या खडकावर उभं राहून, हात वर करून, लोक द्राक्षाच्या कामाला गेलेल्या माणसांशी ओरडून बोलायचे. अर्धं बोलणं तिकडं पोचायचं आणि अर्धं खडकालाच ऐकू यायचं.

बुद्धभूषणानं मला पाण्याच्या टाकीवर चढवलं. गावानं खड्डे खणले, खांब वाहून आणले, बायकांनी भाकऱ्या पुरवल्या. प्रत्येक पाड्यावर माझा एकेक धाकटा भाऊ बसला आणि प्रत्येकाशेजारी एक भोंगा. नदीच्या घाटावर, मारुतीच्या देवळाजवळ एक भोंगा, आणि नदीच्या खालच्या वळणावर एक. आणि तलावावर, टेकडीच्या माथ्यावरच्या चौकीदार दत्तूच्या खोलीपाशी, आणखी एक भाऊ. या सगळ्यांचं एकमेकांशी बोलणं, भोंग्याचं आणि गावातल्या मोबाइलचंही, माझ्यातून जायचं. बाहेरचं इंटरनेट आलं तर आलं, गेलं तर गेलं. पण पाड्यापाड्यातलं बोलणं आमचं घरचं होतं, ते कोणी बाहेरून तोडू शकत नव्हतं. याचा मला फार अभिमान होता, आणि अजून आहे.

टाकीशेजारच्या जुन्या अंगणवाडीच्या खोलीत संगणक आले, आणि त्या खोलीला लोक सेंटर म्हणू लागले. सेंटर सांभाळायची ती रेहाना. तिचं माहेर नाशिक रोड, तिथंच ती संगणक शिकली. नवरा शफी हरसूलच्या बाजारात बांगड्या विकायचा, आणि शफीच्या आजोबांपासून त्यांचं घर याच गावात होतं. रेहाना बोलायची कमी, पण कामाला वाघीण. भिमाबाई नावाच्या एका आजींच्या बोटांवरच्या रेषा भाताच्या लावण्या करून करून झिजून गेल्या होत्या. त्यांचा अंगठा कुठल्याच यंत्रावर उमटत नसे आणि दर वेळी त्या पेन्शनसाठी हरसूलपर्यंत जाऊन हात हलवत परत यायच्या. रेहानानं त्यांची बोटं कोमट पाण्यात बुडवून, पुसून, पुन्हा पुन्हा लावून पाहिली, आणि शेवटी करंगळी उमटली. त्या दिवशी भिमाबाईंनी करंगळी वर धरून सगळ्या आळीत मिरवली.

मुलं आली, अभ्यासाचे व्हिडिओ पाहू लागली. ज्याच्या छातीत कळ येई तो खुर्चीत बसून शहरातल्या डॉक्टरांना पडद्यावर आपलं दुखणं दाखवू लागला. बाजारात टोमॅटो काय भावानं चाललाय हे गाडी भरण्याआधीच कळू लागलं. पण लोकांना सगळ्यांत जास्त आवडायचा तो भोंगा. कोणाची शेळी चुकली, कोणाच्या घरी बारसं आहे, आज आरोग्यवाल्या ताई येणार की नाही, सगळं भोंग्यावर. आणि पावसाळ्यात रोज सकाळ-दुपार-संध्याकाळ दत्तूचा आवाज: "तलावाचं पाणी ठीक हाय." ते ऐकून बायका धुणं घेऊन नदीवर उतरायच्या. एवढं एक वाक्य मी रोज वाहून न्यायचो. ओझं काहीच नव्हतं, पण काम मोठं होतं.

आता त्या नवमीकडं येतो.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. विळे, कोयते, पाभर, कुदळ, सगळं धुऊन-पुसून मांडायचं, हळदीकुंकू वाहायचं आणि त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या हत्याराला एक दिवस विसावा. गावातली मोठी पूजा सगुणाबाईंच्या पडवीत मांडली जायची. सगुणाबाई म्हणजे गावातलं शेवटचं वाक्य. त्या बोलल्या की विषय संपला. माझी टाकी त्यांच्या अंगणाला लागूनच होती, त्यामुळं त्यांचं सगळं मला दिसायचं आणि ऐकूही यायचं.

मी आलो त्याच वर्षी त्या बुद्धभूषणाला म्हणाल्या होत्या, "बैलाला पोळ्याला सुट्टी, इळ्याला नवमीला सुट्टी, अन् ही परात तेवढी बारा महिने राबवायची? हिला बी एक दिस निजू द्या." त्यात माया होती, मला ते कळत होतं. बुद्धभूषण हसला आणि हो म्हणाला. तेव्हापासून नवमीच्या सकाळी टाकीखालच्या पेटीचं बटण बंद व्हायचं, पेटीला कुलूप लागायचं, आणि त्या कुलपाची एकुलती एक चावी विळ्या-कोयत्यांच्या रांगेत तांदळावर जाऊन बसायची. दसऱ्याच्या सकाळपर्यंत ती उचलायची नाही. रेहाना हा नियम इतरांपेक्षा काटेकोर पाळायची. आपल्या हातून दुसऱ्याच्या देवाधर्मात चूक व्हायला नको, ही काळजी तिला कायम असे.

सगुणाबाईंचा मुलगा गोरक्ष वर चढून मला सजवायचा. त्या वर्षी तर त्याला जास्तच उत्साह आला. झेंडूचा हातभर जाड हार त्यानं माझ्या तोंडावर लावला, वर पाणी शिंपडलं, आणि टाकीच्या कठड्याला दोन्ही बाजूंनी केळीचे खुंट बांधले. त्यांची ओली रुंद पानं बरोबर माझ्या समोर आली. खाली उतरून, मान वर करून, तो खूश होऊन म्हणाला, "नवरदेव दिसतोय!" मी मनात म्हटलं, नवरदेवाला निदान समोरचं दिसतं तरी.

पानांच्या फटीतून मला थोडंसं दिसत होतं, तेवढंच. ऐन दुपार होती. गावावर लख्ख ऊन. सगळं गाव नदीत उतरलेलं, कारण नवमीला गाड्या धुवायच्या असतात. मोटारसायकली, बैलगाड्या, आणि मधोमध पाण्यात गोरक्षचा ट्रॅक्टर. तो ट्रॅक्टर म्हणजे सगळ्या पाड्यांचा आधार, नांगरणीला सगळे त्यालाच बोलवत. गोरक्षची बायको हर्षाली त्याच्या बॉनेटवर उभी राहून घासत होती. पोरं एकमेकांवर पाणी उडवत होती, कोणीतरी गाणी लावली होती. आणि त्यांच्या वरच्या अंगाला, तलावाच्या टेकडीमागं, आभाळ काळं होत चाललं होतं.

परतीच्या पावसाचं असंच असतं. इथं ऊन आणि तिथं धो धो. पण हे काळं वेगळं होतं. ते हलत नव्हतं. एकाच जागी बसून ते खाली ओतत होतं. टेकडीचा माथा दिसेनासा झाला. दत्तूची खोली त्या काळ्यात कुठं गेली ते कळेना. दुपारचा दत्तूचा फोन यायची वेळ होऊन गेली होती. पण फोन येणार कसा? यायचा तो माझ्यातून, आणि मी तर निजलेलो. मला सगळं दिसत होतं आणि तोंडावर झेंडू होता. मित्रांनो, इतकी असहाय वेळ माझ्यावर पुन्हा कधी आली नाही.

रेहाना सेंटरच्या पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. तिनं एकदा टेकडीकडं पाहिलं. पुन्हा सुपाकडं. पुन्हा टेकडीकडं. मग सूप खाली ठेवून ती उठली आणि सरळ सगुणाबाईंच्या पडवीपाशी आली. पायरीखालीच थांबली.

"मावशी, चावी द्या."

सगुणाबाई पूजेपाशी दिव्यात तेल घालत होत्या. "कसली चावी गं?"

"टाकीच्या पेटीची."

"आज? आज नवमी हाय पोरी. तुला का ठावं नाय?"

"माहीत आहे मावशी. पण वर बघा ना एकदा. तलावावर किती पडतोय. दत्तूभाऊंचा आज फोन नाही, आणि सगळे नदीत आहेत."

सगुणाबाई पडवीच्या कडेला आल्या. डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "तिकडं पडतोच पाऊस. दर साली पडतो."

"असेलही. मी नुसतं विचारते. काही नसलं तर लगेच बंद करते."

"अगं, पूजा मांडलेली हाय. मांडलेलं असं मधीच उचलत नाय कोणी."

रेहानानं पडवीत पाहिलं. चावी समोरच तांदळावर होती. दोन पायऱ्या चढून उचलली असती तर सगुणाबाईंना अडवताही आलं नसतं. पण तिचा पाय उचलेना. मला तिच्या मनातलं कळत होतं. आज हात घातला, आणि तलावावर काहीच नसलं, तर उद्या कोणीतरी म्हणणार की रेहानानं नवमीची पूजा मोडली. तीन पिढ्यांचं घर असलं तरी असं वाक्य एकदा गावात फिरलं की फिरतच राहतं. आणि हात घातला नाही, आणि तलावावर काही असलं, तर? खाली नदीत पोरं हसत होती, ते हसणं तिथपर्यंत ऐकू येत होतं.

"नदीवर पळत जाऊन सांगू का?" ती म्हणाली. मग स्वतःच मान हलवली. "काय सांगू? मला भीती वाटते म्हणून? गोरक्षभाऊ हसतील. आणि पलीकडच्या पाड्यावरचे, खालच्या वळणावरचे, त्यांना कोण सांगणार?" तिनं हात पुढं केला. "मावशी, पाप लागायचं तर मला लागू दे. पण चावी तुमच्या हातानं द्या. मी उचलणार नाही."

सगुणाबाईंनी तिच्याकडं पाहिलं. मग पुन्हा टेकडीकडं. या वेळी हात न धरता, डोळे बारीक करून, बराच वेळ.

"पाप तुला का लागंल?" त्या म्हणाल्या. "मांडली कुणी? म्या. मग उचलायची बी मीच."

त्या पूजेपाशी खाली बसल्या, हात जोडले, आणि तांदळातली चावी उचलली. मग जरा थांबल्या आणि रांगेतला धारेचा कोयताही उचलला. "गोरख्यानं केळी बांधल्यात वर. त्याच्या गाठी हातानं सुटायच्या नायत." हळदीकुंकवाचं बोट लागलेला तो कोयता त्यांनी रेहानाच्या हातात दिला आणि दोघी टाकीकडं पळाल्या. हो, पळाल्या. सगुणाबाईंना पळताना मी तेव्हाच पाहिलं.

कुलूप निघालं. बटण दाबलं गेलं. माझ्या अंगात वीज आली.

पण मी काही तरुण राहिलो नव्हतो. मला जागं व्हायला वेळ लागायचा. पेटीतला लाल दिवा लागला आणि लागूनच राहिला. रेहाना हातातल्या मोबाइलकडं पाहत शिडी चढू लागली, एका हातात कोयता, दुपट्टा कमरेला खोचलेला. लोखंडी शिडी तापलेली होती. ती वर पोचली तेव्हा लाल दिव्याचा हिरवा झाला होता, मी पूर्ण जागा होतो आणि तरीही मला भावांचं काही ऐकू येत नव्हतं. समोर केळीची ओली पानं, तोंडावर ओला हार. भाऊ तिकडून हाका मारत असणार, पण माझ्यापर्यंत काहीच येत नव्हतं. रेहानानं दत्तूचा नंबर लावला. लागला नाही. पुन्हा लावला. लागला नाही.

तिनं कोयता चालवला. सुतळी तुटली आणि एक केळ धाडकन खाली पडली. दुसरी तुटली. आता राहिला हार. तिचा हात माझ्यापर्यंत आला आणि तिथंच अडला. केळीचं एक वेळ चाललं. पण हा हार देवाचं नाव घेऊन घातलेला.

मी किती ओरडलो असेन! काढ गं, काढ! पण माझं ओरडणं हाराच्या आतच राहिलं.

खालून सगुणाबाई ओरडल्या, "आगं बघती काय? वढ! वढून काढ तो!"

रेहानानं डोळे मिटले आणि एका झटक्यात हार ओढला. झेंडू टाकीवर, खाली अंगणात, सगुणाबाईंच्या डोक्यावर पडले. आणि त्याच क्षणी माझ्यात दत्तू बोलायला लागला. रेहानानं फोन लावायचीही गरज पडली नाही. तो केव्हापासून तिकडून लावतच होता.

"हॅलो, हॅलो! रेहानाताई! अहो किती वेळ झाला, कोणी घेईना! लय पाऊस झालाय इकडं, सांडवा सुटलाय, पाणी निघालं बी! नदीत कोणी असलं तर काढा! काढा सगळ्यांना!"

रेहानानं मोबाइलवरचं भोंग्याचं बटण दाबलं. एका वेळी सगळ्या पाड्यांवर, घाटावर, वळणावर तिचा आवाज गेला. तो मी नेला, मित्रांनो. मी आयुष्यात कितीतरी आवाज नेले असतील, पण तो नेताना माझ्या अंगाचा पत्रा थरथरत होता.

"नदीतले सगळे वर या! तलावाचं पाणी सुटलंय! गाड्या सोडा आणि वर या!"

टाकीवरून नदी दिसत होती. माणसांनी माना वर केल्या. आणि पुन्हा खाली घातल्या. कोणी हललं नाही. रेहाना पुन्हा बोलली. पोरं भोंग्याच्या तालावर नाचायला लागली. मला वाटलं, संपलं सगळं.

घाटावर काय झालं ते पुढं हर्षालीनं सेंटरमध्ये कितीदा तरी सांगितलं, म्हणून मला माहीत आहे. गोरक्ष हसला होता. म्हणाला, "आज कुठला भोंगा? आज यंत्र बंद असतं. कोणीतरी चेष्टा करतंय." बाकीच्यांनाही ते पटलं. सगुणाबाईंची नवमी आणि भोंगा वाजणार, हे शक्यच नव्हतं. पण हर्षाली बॉनेटवर ताठ उभी राहिली. तिच्या हातातली चिंधी खाली पडली.

"अहो, चावी आत्याबाईंच्या पूजेत हाय," ती म्हणाली. "आत्याबाईंनी दिल्याबिगर भोंगा वाजंलच कसा? नवमीला पूजा उचलली त्यांनी! म्हंजी लय मोठं कायतरी हाय. चला! पोरं घ्या! चला!"

आणि मग सगळी नदी हलली. बायकांनी पोरं काखोटीला मारली, कोणी बैल सोडले, मोटारसायकली तिथंच आडव्या पडल्या. जो नियम मोडायला रेहाना इतकी घाबरली होती, तो मोडला गेला म्हणूनच लोकांनी तिच्या आवाजावर विश्वास ठेवला.

गोरक्ष मात्र ट्रॅक्टरवर चढला. त्यानं तो चालू केला. मागची चाकं वाळूत गरगरली आणि आणखी खाली रुतली. हर्षाली काठावर पोचली होती, तिनं मागं वळून पाहिलं आणि ती पुन्हा पाण्याकडं धावली. रेहानानं टाकीवरून ते पाहिलं. "गोरक्षभाऊ, सोडा तो! हर्षाली, नको!" ती ओरडत होती, पण गोरक्ष मान खाली घालून नुसता गिअर ओढत होता. वरच्या वळणापलीकडून एक आवाज येऊ लागला होता. तो भोंग्याचा नव्हता.

रेहाना शिडीवरून अर्धी खाली उतरली, एका हातानं शिडीला धरून वाकली आणि मोबाइल सगुणाबाईंच्या तोंडापाशी नेला. "मावशी, तुम्ही बोला. तुमचंच ऐकेल तो."

सगुणाबाई त्या दिवसापर्यंत भोंग्यावर कधी बोलल्या नव्हत्या. त्यांनी मोबाइल दोन्ही हातांनी धरला.

"गोरख. मी आई बोलते. म्या आज पूजेतली चावी उचलली ती तुझ्यासाठी. तू तुझी चावी तिथंच टाक अन् हर्षालीला घिऊन वर ये. ट्रॅक्टर दुसरा यील. तू कुठून आणू मी दुसरा? ये बाबा. ये."

ट्रॅक्टरचा आवाज थांबला. गोरक्षनं खाली उडी मारली. गुडघाभर पाण्यातून तो धावला, पुढं आलेल्या हर्षालीचा हात धरला, आणि दोघं घाटाच्या पायऱ्या चढले. ते देवळापाशी पोचतात न पोचतात तोच वरच्या वळणावरून पाणी आलं. लाल, फेसाळ, झाडांच्या फांद्या घेऊन. ट्रॅक्टर आधी तिरका झाला, मग आडवा. त्याच्या पुढच्या हेडलाइटला बांधलेला झेंडूचा हार मला थोडा वेळ दिसत राहिला, मग तोही दिसेना.

काठावर सगळे एकमेकांना हाका मारून मोजत होते. सगळे होते. पलीकडच्या पाड्यावरूनही निरोप आला, सगळे आहेत. खालच्या वळणावरचेही आहेत.

संध्याकाळी सगळं गाव टाकीखाली जमलं. रेहाना शिडीला टेकून उभी होती, हातात अजून तोच कोयता. तिची नजर खाली होती. मागून कोणीतरी पुटपुटलं, "नवमीला पूजा मोडली, हे काय बरं झालं नाय..." सगुणाबाईंनी फक्त वळून पाहिलं. पुटपुटणं थांबलं. गोरक्षनं ओल्या कपड्यांनीच पुढं येऊन रेहानाला हात जोडले.

सगुणाबाईंनी कोयत्याला पुन्हा हळदीकुंकू लावलं, आणि दोन बोटं रेहानापुढं करून विचारलं, "तुला लावू का गं? चालंल तुला?" रेहानानं हात पुढं केला. सगुणाबाईंनी तिच्या तळहातावर हळदीचं बोट ओढलं. तेव्हा मात्र रेहाना रडली. सगुणाबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडली, आणि सगुणाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"अन् ही चावी?" गोरक्षनं विचारलं. "पुन्हा मांडायची?"

"नाय," सगुणाबाई म्हणाल्या. "ती पेटीलाच राहू दे. इळ्याला विसावा दिला तर गवत उद्या कापता येतं. ह्या परातीला विसावा नाय द्यायचा. माझं चुकलं."

त्यानंतरच्या नवम्यांना मला हार नव्हता. टाकीच्या खांबाला हळदीकुंकू, खाली नारळ, आणि मी वर जागा. गाड्या धुवायला उतरण्याआधी सगळे घाटावर थांबायचे. दत्तूचा आवाज यायचा, "पाणी ठीक हाय," आणि मगच पहिला पाय नदीत पडायचा. गोरक्षनं पाड्यांच्या मदतीनं दुसरा ट्रॅक्टर उभा केला. तोही धुवायला तो नदीच्या कडेलाच थांबायचा, मधोमध जायचा नाही.

मित्रांनो, पुढं मीही थकलो. उन्हापावसानं माझा रंग उडाला, सांधे गंजले, आणि दत्तूचं बोलणं माझ्यातून तुटक येऊ लागलं. बुद्धभूषण नवा अँटेना घेऊन आला, माझ्यापेक्षा लहान आणि फार चपळ. मला खाली उतरवलं तेव्हा मी भंगाराच्या गोणीत जाणार हे ठरलेलंच होतं. गोणीचं तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात सगुणाबाई पडवीतून उतरल्या आणि बुद्धभूषणाला म्हणाल्या, "परात माझी हाय. इकडं आण."

आता मी त्यांच्या पडवीत भिंतीला टेकून असतो. बाजूला विळे आहेत, कोयता आहे, तोच धारेचा. माझी तुम्हाला एकच विनवणी आहे. तुमच्या गावात, आळीत असं एखादं सेंटर असेल, टाकीवर किंवा गच्चीवर माझा एखादा भाऊ बसलेला असेल, तर अधूनमधून मान वर करून त्याच्याकडं बघा. त्याच्या समोर फांदी वाढली असेल तर छाटा, पतंग अडकला असेल तर काढा, सैल झालेला खिळा ठोका. हारतुरे नकोत. त्याला नीट बोलू द्या, कारण तो बोलतो ते तुमचंच बोलणं असतं.

परवा पुन्हा नवमी झाली. सगुणाबाईंनी पडवीत पूजा मांडली, सगळ्या हत्यारांच्या मधोमध मला ठेवलं. शेजारी रेहाना झेंडू ओवत बसली होती. हार तयार झाला, पण सगुणाबाई तो हातात घेऊन तशाच थांबल्या. टाकीवरच्या भोंग्यातून दत्तूचा आवाज आला, "पाणी ठीक हाय." घाटावरून पोरांचा ओरडा उठला.

मग त्यांनी तो जाड ओला हार माझ्या तोंडावरून घातला. मला काही दिसेना. मी म्हटलं, असू दे. आता वर दुसरा जागा आहे.